‘फक्त टक्केवारी’तूनही माणूस सापडतो

काल मावशीने फॅमिली ग्रुपवर तो मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, “बघ, तू उगाच घाबरवतेस.” मेसेज असा: आरोग्य सर्व्हेत बिनधास्त सगळं सांगा, नावं काढून टाकतात, छापतात ती फक्त टक्केवारी, त्यातून एकटा माणूस सापडणं अशक्य, आणि गोपनीयतेच्या नावाखाली आकड्यांत भेसळ केली की संशोधनच खोटं ठरतं.

नावाचं आधी उरकते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या गव्हर्नरांची ‘निनावी’ वैद्यकीय नोंद संशोधक लटान्या स्वीनी यांनी 1990च्या दशकात शोधून काढली. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड मतदारयादीशी जुळवले, बस्स.

‘फक्त टक्केवारी’ हे मात्र सगळ्यात घातक, कारण ते ऐकून शिकलेली माणसंही मान डोलावतात. ऑगस्ट 2008 मध्ये निल्स होमर आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. त्यांच्या पद्धतीत गटातल्या कुणाचीही स्वतंत्र नोंद लागत नाही. हजारो जनुकीय खुणांवर (डीएनएतल्या माणसागणिक बदलणाऱ्या जागांवर) रुग्णगटाची सरासरी काय, बाहेरच्या लोकांची काय, आणि आपल्या माणसाचा डीएनए कुणाच्या जवळ जातो, एवढंच बघायचं. एका खुणेवरचा फरक केसाएवढा. पण हजारो फरक एकत्र करून सांख्यिकी चाचणी लावली की तो माणूस त्या गटात होता का, ते कळतं. गट मधुमेहींचा असेल, तर आजारच कळला! अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने असे सरासऱ्यांचे तक्ते लगोलग सार्वजनिक वापरातून काढून घेतले. अशक्य गोष्टीसाठी कुणी एवढं करतं का?

त्यासाठी त्या माणसाचा डीएनए आधी हाती असावा लागतो, हे मान्य. शेजाऱ्यापाशी तो नसतो.

आता ‘भेसळ’. ‘गोळ्या मनाने बंद केल्या का?’ असं 1000 जणांना विचारलं. प्रत्येकाने गुपचूप नाणं उडवायचं. छापा आला तर खरं सांगायचं. काटा आला तर पुन्हा उडवून छाप्याला ‘हो’, काट्याला ‘नाही’. 400 ‘हो’ आले, तर त्यातले साधारण 250 नाण्याचे. उरले 150, खरं बोलणाऱ्या 500 पैकी. म्हणजे 30 टक्के. मावशीचं ‘हो’ तिचं की नाण्याचं, कुणालाच कळत नाही. स्टॅन्ली वॉर्नर यांनी ही वाट 1965 मध्येच दाखवली.

किंमत पडते, हे खरं. इथे तेवढ्याच अचूकतेसाठी सुमारे साडेचारपट माणसं लागतात. तक्त्यांत नॉइज, म्हणजे आकड्यांत मुद्दाम केलेली थोडी यादृच्छिक वाढ-घट, मिसळून नेहमीचीच काय-वर्ग (chi-square) चाचणी, म्हणजे गटांतला फरक खरा की योगायोगाचा हे तपासणारी, लावली, तर नसलेला फरकही दिसू शकतो. म्हणूनच नॉइज हिशेबात धरणाऱ्या वेगळ्या चाचण्या आहेत.

मावशी, सर्व्हेवाली ताई पुन्हा आली की विचार: कच्च्या नोंदी कुणाला देणार? गावागावांचे तक्ते जसेच्या तसे छापणार का? ती सांगेपर्यंत सही करू नकोस.