आर्किऑलॉजी झालं, आता पुढे काय?

रिझल्ट लागले की इनबॉक्सात हा प्रश्न येतोच. विचारणारी मुलं बहुतेक रत्नागिरी-सिंधुदुर्गातली, आणि त्यांच्यामागे घरच्यांचा आवाज: "खणून काय मेळतला?" घरच्यांना हसू नका. प्रश्न रास्त आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. उत्खननाच्या स्वप्नापायी या विषयात येऊ नका. भारतात कुठेही खणायचं तर प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्याखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो. तो संस्थांच्या हाती असतो आणि त्या संस्था मोजक्याच. हातात थापी आणि ब्रश घेऊन बसण्याची हौस सिझनपुरती भागते, पोट वर्षभर भरावं लागतं.

आणि कोकणात तर खरं काम खड्ड्याबाहेर पडलंय. कातळशिल्पंच घ्या. उघड्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळाच्या माळावर कोरलेली, वर माती जवळपास नाहीच. मग थर कुठून आणणार आणि काळ कशावरून ठरवणार? कशेळी गावातला कोरलेला हत्ती जमिनीवर उभं राहून एका नजरेत मावत नाही. तिथे ड्रोनने फोटो घेऊन मोजमाप काढणारा लागतो, जीआयएसवर (संगणकावरच्या नकाशाप्रणालीवर) नकाशा करणारा लागतो, जांभा कसा झिजतो ते समजणारा लागतो. शिवाय बरीच शिल्पं खासगी जमिनीत, म्हणजे सातबारा वाचता यायला हवा आणि मालकाच्या ओटीवर बसून चहा पिता यायला हवा. (यातलं दुसरं कुठल्याच अभ्यासक्रमात नाही.) ही शिल्पं जगापुढे आणण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे त्यांच्यातले सुधीर रिसबूड अभियंते, सुरेंद्र ठाकूरदेसाई भूगोलाचे प्राध्यापक. २०२२ मध्ये उक्षी, जांभरूण, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यातलं एक गोव्यातलं. पदवीवाल्यांनी यावरून थोडं खजील व्हावं, आणि मग कामाला लागावं.

म्हणून मी सांगतो, एमए नंतर लगेच पीएचडीच्या मागे धावू नका. आधी एक हत्यार घ्या. कुणी जीआयएस, कुणी जुन्या बियाण्यांचा किंवा हाडांचा अभ्यास, कुणी संवर्धनाचं रसायन, कुणी मोडी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये कुठल्याही शाखेचा पदवीधर एमएला अर्ज करू शकतो, त्यामुळे भूगोल किंवा भूगर्भशास्त्रातून आलेल्यांनी बिचकू नये. उलट आपल्या किनाऱ्यावर त्यांचंच पारडं जड. एमए झालेल्यांसाठी ग्रेटर नोएडाला पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संस्थेचा दोन वर्षांचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. जागा थोड्या, पण खात्यात शिरायचं असेल तर तिथली ओळख उपयोगी. ज्यांना ऊन सोसत नाही त्यांच्यासाठी मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे म्युझिऑलॉजी आणि कलासंवर्धनाचे डिप्लोमा आहेत.

नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा, जरूर द्या. पुरातत्त्व हा तिथे स्वतंत्र विषय आहे, आणि जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये. पण प्राध्यापकीचं गणित आधी करा. कोकणातल्या कॉलेजांत इतिहास सापडेल, पुरातत्त्व क्वचित. आपली पदवी इतिहासाच्या जागेला चालते का, हे जाहिरातीतली पात्रता वाचून ठरवा, सरांच्या तोंडी आश्वासनावर नको. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाच्या जागा निघतात तेव्हा निघतात. नुसती त्यांची वाट बघत वय घालवू नये.

माझा खरा राग मात्र वेगळ्याच गोष्टीवर आहे. इंग्लंडमध्ये १९९० पासून नियोजनाच्या नियमांनी बांधकाम करणाऱ्यावर जबाबदारी टाकली: जमिनीत पुरावशेष असतील तर आधी त्यांची नोंद कर, खर्च तुझा. त्यातून तिथल्या पुरातत्त्वज्ञांचा सगळ्यात मोठा रोजगार उभा राहिला. आपल्याकडे संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी, पुढे २०० मीटर परवानगी लागते, आणि त्यापलीकडे रान मोकळं. मुंबई-गोवा महामार्गासाठी किती डोंगर कापले, चिरेखाणींनी किती सडे खाल्ले! प्रत्येक ठिकाणी आधी दोन माणसं महिनाभर फिरवायची सक्ती असती, तर या पोरांना नोकरीसाठी पुण्या-मुंबईकडे बघावं लागलं नसतं. मुलं कमी नाहीत, विषयही कमी नाही. कमी आहे तो नियम. २०२५ मध्ये विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग जागतिक वारसा यादीत गेले तेव्हा आपण फटाके लावले. त्या किल्ल्यांची देखभाल आणि नोंदी करायला स्थानिक प्रशिक्षित माणसं किती नेमली, हे विचारणारं मला तरी कुणी भेटलं नाही.

तोवर ज्यांना या वाटेने जायचंच आहे त्यांनी पावसात मोडी आणि जीआयएस शिकून घ्यावं. सड्यावरचं गवत वाळलं की आपल्याच तालुक्यातल्या एका गावाची वहीत नीट नोंद करावी: वीरगळ (वीरांचे स्मारकदगड), बारव (पायऱ्यांची विहीर), देवळामागच्या झिजलेल्या मूर्ती, जागेचे अक्षांश-रेखांश, फोटोत मोजपट्टी. काही खणायचं नाही, काही उचलून घरी आणायचं नाही. मुलाखतीला जाताना सर्टिफिकेटांच्या फाइलवर ती वही ठेवा.