तेल प्यायलेला फिल्टर नेणार कोण?

'स्थानिक नियमांनुसार विल्हेवाट लावावी.' तेलशोषक फिल्टरच्या खोक्यावरची ही ओळ वाचली की माझं डोकं सणकतं. किती लिटर तेल पितो, पाणी कसं घेत नाही, कधी बदलायचा, सगळं सविस्तर छापलेलं. भरल्यावर त्याचं करायचं काय, याला एवढी एकच ओळ, तीही हात झटकणारी.

हवेच्या कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या पाण्यातलं तेल अडवणारा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा फिल्टर असो, फरशीवर टाकायचे पॅड असोत, नाहीतर साधा लाकडाचा भुसा. तेल शोषलं म्हणजे ते नाहीसं झालं नाही, फक्त जागा बदलून बसलं, हे लोकांच्या डोक्यात शिरत का नाही? इंजिनाच्या जळक्या तेलात झिजलेल्या भागांचे धातू असतात, अर्धवट जळालेल्या इंधनाची घातक रसायनं असतात. ती सगळी आता त्या पॅडमध्ये आहेत. आणि विकणारे सांगतात, आमचा माल नैसर्गिक आहे, कुजतो! अहो, कुजेल तुमचा काथ्या, त्यातल्या तेलाचं काय?

तरी हा माल बिनदिक्कत रोजच्या कचऱ्यात जातो. कचरागाडीत दाबला की प्यायलेलं तेल पिळून बाहेर येतं, रस्त्यावर ठिबकतं आणि पहिल्या पावसात गटारात उतरतं. काही जण तो साबणाच्या पाण्यात धुतात. हे तर सगळ्यात वाईट! साबणामुळे तेल इतकं बारीक फुटतं की पाण्यावर तरंगतच नाही, मग पुढचा सेपरेटर, म्हणजे पाण्यातून तेल वेगळं करणारी टाकी, तीही ते पकडू शकत नाही. पिळून पुन्हा वापरता येणारे पॅड असतील तर पिळा, निघालेलं तेल ड्रममध्ये घ्या, पण धुऊ नका. उघड्यावर पेटवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. त्यात क्लोरीनवालं सॉल्व्हंट मिसळलेलं असेल तर धुरातून डायॉक्सिन हे जहाल विष पसरतं.

आणि लाकडाला जवसाचं तेल लावून झालेल्या चिंध्या? इंजिन ऑइल आपोआप पेटत नाही, पण हे तेल सुकताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला की उष्णता आतच कोंडते आणि ठिणगीशिवाय आग लागते. 1991 मध्ये फिलाडेल्फियातली वन मेरिडियन प्लाझा ही 38 मजली इमारत अशाच चिंध्यांमुळे पेटली, अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. एवढं होऊनही लोक त्या चिंध्या भुशाच्या पोत्यात कोंबतात! सुट्या पसरून बाहेर वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात बुडवून ठेवा. एवढंही जमत नाही?

आम्ही छोटे वर्कशॉपवाले जमेल तेवढं सगळं करतो. ठिबकणं थांबेपर्यंत निथळवतो. इंजिनाचा ऑइल फिल्टर गरम असतानाच भोक पाडून बारा तास उपडा ठेवतो. सगळं गटारापासून लांब, झाकणाच्या डब्यात ठेवतो, आत काय आहे ते वर लिहून. ब्रेक क्लीनर, थिनर, कूलंट त्यात पडू देत नाही. आणि मग? जळकं तेल न्यायला माणसं आनंदाने येतात, कारण त्याचे पैसे होतात. तेच तेल पॅडमध्ये आहे म्हटलं की फोन बंद.

बरं, मार्गच नाही असंही नाही. पॉलिप्रॉपिलीन जवळजवळ तेलाइतकीच उष्णता देतं, सिमेंटच्या भट्ट्यांमध्ये असा कचरा इंधन म्हणून जाळला जातो, तिथलं तापमान त्याला पुरेसं असतं. अडतं ते फक्त गोळा करण्यापाशी. छोट्या वर्कशॉपचा एक डबा उचलायला कुणाला परवडत नाही, म्हणून प्रामाणिक माणसाच्या दारात डबे साचतात आणि बाकीचे रात्री कुठेतरी फेकून मोकळे होतात.

फिल्टर विकणाऱ्यांनो, नवा माल पोचवायला तुमची गाडी येतेच ना? मग जुना परत न्या. परवाना लागतो तर काढा. त्याचा खर्च किमतीत धरा, आम्ही देऊ. पण विकायला पुढे आणि न्यायची वेळ आली की गायब, हे आता खपवून घेणार नाही.