मॅक्स म्युलरने वेदांचं विपरीत भाषांतर केलं? आधी भाषांतर दाखवा

दर काही महिन्यांनी एक फॉरवर्ड फिरतो: मेकॉलेने पैसे देऊन मॅक्स म्युलर या ऑक्सफर्डमधल्या जर्मन संस्कृत अभ्यासकाला नेमलं, त्याने वेदांचं मुद्दाम विपरीत भाषांतर केलं, हिंदू धर्म बुडवायचा घाट घातला आणि ‘आर्य वंशा’चं खूळ आपल्या डोक्यात भरलं.

मेकॉलेचं आधी उरकू. ऋग्वेदाच्या छपाईचा खर्च ईस्ट इंडिया कंपनीने उचलला हे खरं, पण तो मंजूर झाला 1847 मध्ये, विल्सन या संस्कृत पंडिताच्या शिफारशीने. पहिला खंड 1849 चा. मेकॉलेशी झालेली ती गाजलेली भेट 1855 ची.

आता भाषांतर. संपूर्ण ऋग्वेदाचं भाषांतर म्युलरने केलेलंच नाही. 1874 पर्यंत निघालेले ते सहा खंड म्हणजे देवनागरीत छापलेली संहिता (मूळ ऋचा), पदपाठ (त्याच ऋचांचे शब्द सुटे करून दिलेला पाठ) आणि सायणाचार्यांचं जुनं संस्कृत भाष्य. इंग्रजीत त्याने आणली ती मरुत वगैरे देवतांची मोजकी सूक्तं. बरं, मूळ पाठातच खोट घातली म्हणावं, तर ‘अग्निमीळे’पासून शेवटच्या ऋचेपर्यंत संहिता मुखोद्गत असलेले घनपाठी, म्हणजे शब्द उलटसुलट गुंफूनही ती म्हणू शकणारे वैदिक, आपल्याकडे आहेत, एक स्वर हलला तरी त्यांच्या कानाला खटकला असता. पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळानेही पुढे हस्तलिखितं ताडून सायणभाष्यासह ऋग्वेद नव्याने संपादित केला. अर्थ लावताना म्युलर चुकला असेल, तर सूक्त आणि ऋचा सांगून वाद घाला.

धर्माबद्दलची त्याची मतं मात्र झाकण्यात अर्थ नाही. पत्नीला लिहिलेल्या एका पत्रात तो म्हणतो की वेद हे या धर्माचं मूळ आहे, आणि ते मूळ दाखवून देणं हाच त्यातून तीन हजार वर्षांत उगवलेलं सारं उपटण्याचा मार्ग आहे. वाचून संताप येतो, आणि तो रास्त आहे. पण ऑक्सफर्डचं संस्कृतचं बोडेन अध्यासन, जे ख्रिस्ती धर्मप्रसारासाठीच दिलेल्या देणगीवर उभं होतं, ते 1860 मध्ये त्याला मिळालं नाही. प्रतिस्पर्धी मोनियर विल्यम्सला 833 मतं, त्याला 610. तो परदेशी होता, आणि त्याची धर्ममतं अनेकांना फार मोकळी वाटत. 1897 मध्ये टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली, तेव्हा सुटकेच्या अर्जावर सही करणाऱ्यांत हाच म्युलर होता. तुरुंगात आपल्या ऋग्वेदाची दुसरी आवृत्ती त्याने पाठवली, हे टिळकांनीच लिहून ठेवलं आहे.

राहिला आर्य वंश. संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचं नातं विल्यम जोन्सने 1786 मध्ये मांडलं, जर्मन भाषाशास्त्रज्ञ बॉपने 1816 मध्ये क्रियापदांच्या रूपांवरून ते पक्कं केलं. म्युलरचा जन्म 1823 चा. सुरुवातीला त्याने ‘आर्य’ शब्द सैलपणे वापरला, तो दोष त्याच्या पदरी. पण 1888 मध्ये त्याने स्वच्छ लिहिलं की ‘आर्य’ म्हणजे भाषा, वंश नव्हे. त्याच्या मते आर्य रक्त, आर्य केस, आर्य डोळे असं बोलणारा वंशाचा अभ्यासक ‘लांब कवटीचा शब्दकोश’ असं काहीतरी निरर्थक म्हणणाऱ्या भाषाशास्त्रज्ञाइतकाच अपराधी आहे.