सतार विकू नका, आधी निदान करून घ्या

संधिवातामुळे सतार कायमची गवसणीत ठेवणाऱ्या वादकावरचा हा लेख वाचून फार वाईट वाटलं. माझे थोरले काका मिरजेत असतात, तेही सतार वाजवतात. सकाळी त्यांची डाव्या हाताची बोटं तासभर वळतच नसत. मींड घेताना, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाताना, तार पडद्यावर आडवी ओढावी लागते, तो सगळा ताण तर्जनी आणि मधल्या बोटाच्या सांध्यांवर येतो. एका डॉक्टरांनी वयाचं दुखणं म्हणून नुसत्या वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि मोलाचे महिने गेले.

लेखात हे यायला हवं होतं: वयानुसार होणारी सांध्यांची झीज वेगळी, आमवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर हल्ला करते) वेगळा. सकाळचा आखडलेपणा तासाभराहून जास्त टिकत असेल, दोन्ही हातांचे सांधे सुजत असतील, तर थेट संधिवाततज्ज्ञांकडे जा. मेथोट्रेक्सेटसारखं औषध (आमवातात ते आठवड्यातून एकदाच घेतात, रोज नाही!) वेळेवर सुरू झालं तर बोटं वाकडी होणं बरंच टळतं. एकदा झिजलेला सांधा मात्र भरून येत नाही.

मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आहेच. पण त्याच गावच्या सतारमेकरांनी काकांना बाजाची (मुख्य वाजवायची) तार बारीक लावून दिली, स्वर खाली उतरवून दिला, याचं मोल मला जास्त वाटतं. द्रुत गत (जलद लयीतली रचना) काकांना सोडावी लागली. पण संथ आलाप आणि त्यानंतरचा लयदार जोड थोडा अजून वाजवतात.

त्या वादकांना कोणी ओळखत असेल तर एवढा निरोप द्या: सतार इतक्यात विकू नका.