सी, लुक, वॉच: तो तीन ओळींचा नियम मुलांना पाठ करायला लावू नका

इंग्रजीतले सी, लुक आणि वॉच कधी वापरायचे हे तीन ओळींत सांगणारा तो मेसेज तुम्हालाही आला असेल. सी म्हणजे आपोआप दिसणं, लुक म्हणजे मुद्दाम बघणं, वॉच म्हणजे हलणारी वस्तू बघणं, आणि सीला आयएनजी कधीच लावायचं नाही. मुलं हे घोकतात आणि मग बरोबर लिहिलेलं वाक्य स्वतःच खोडतात, ते बघून खरंच वाईट वाटतं.

पहिलं म्हणजे सी आपोआपच असतं हे चूक. ठरवून, तिकीट काढून पिक्चर बघितला तरी 'आय सॉ द मूव्ही' एकदम बरोबर आहे. मॅचचं घ्या, बघून झाली एवढंच सांगायचं असेल तर 'आय सॉ द मॅच' चालतं, पण मॅच बघत बसलो होतो आणि मध्येच फोन आला असं सांगायचं असेल तर 'आय वॉज वॉचिंग द मॅच' असंच म्हणावं लागतं, तिथे सीइंग कानाला खटकतं. म्हणजे इथे मुद्दाम की आपोआप हा प्रश्नच नाहीये.

वॉचला हलणारी वस्तू लागते हे तर अजिबात पटत नाही. वॉचमन बंद गेटवर नजर ठेवतो ना? 'वॉच माय बॅग' म्हणतो तेव्हा बॅग जागची हलू नये म्हणूनच सांगतो. वॉच आणि वेक, म्हणजे जागं होणं, हे दोन्ही शब्द जुन्या इंग्रजीत एकाच मुळातले, जागं राहून राखण करायची हा अर्थ त्यात पहिल्यापासून आहे, म्हणून झोपलेल्या बाळालाही वॉच करता येतं, कारण ते कधीही उठेल.

लुकचं बऱ्यापैकी बरोबर आहे, फक्त कशाकडे बघायचं ते सांगताना मध्ये ॲट लागतं ते लिहायचं राहिलंय. आणि 'यू लुक टायर्ड'मध्ये कोणी बघत नाहीये, तू दमलेला दिसतोयस असं आहे.

आता आयएनजी. समोर पक्षी दिसतोय तर 'आय कॅन सी अ बर्ड', सीइंग नाही, इथपर्यंत मेसेज बरोबर. पण 'कधीच नाही' कुठून आलं? सी म्हणजे भेटणं असेल तर आयएनजी बिनधास्त लागतं. 'आय ॲम सीइंग द डॉक्टर टुमॉरो', म्हणजे उद्या डॉक्टरांना दाखवायला जायचंय. आपण मराठीत दाखवतो, इंग्रजीत तिथे सी येतं.