"टाकी फुल्ल, रडार क्लिअर, निघा" हा मेसेज चुकीचा आहे

पुण्यातल्या फ्लाइंगच्या ग्रुपांवर परत तो मेसेज फिरतोय. "छोट्या विमानाला एवढं गणित लागत नाही, टाकी फुल्ल करा, मोबाईलवर रडार क्लिअर बघा आणि निघा, हवा बिघडली तर मागे वळायचं." नवीन पोरं हे खरं मानतात, म्हणून लिहितोय.

आधी टाकी. सेसना 172 एस या चार सीटच्या छोट्या विमानात वापरता येणारं पेट्रोल साधारण 200 लिटर, म्हणजे 144 किलो. माणसं, सामान, पेट्रोल सगळं मिळून चालतं जेमतेम 400 किलो. 75 किलोची चार माणसं आणि सगळ्या मिळून 20 किलोच्या बॅगा टाकल्या की उरले 80 किलो, म्हणजे 111 लिटर. चौघं जाणार असाल तर टाकी फुल्ल करताच येत नाही हो! आणि वजन जास्त घेऊन मे महिन्यात 40 डिग्रीत पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून निघालात तर तापलेली हवा विरळ असल्यामुळे 1,942 फुटांवरची धावपट्टी विमानाला पाच हजार फुटांवरच्यासारखी वाटते.

आता तेच 111 लिटर घेऊन जुलैत नागपूरहून बारामतीला या. अंतर सुमारे 310 नॉटिकल मैल (साधारण 575 किलोमीटर), तासाला 33 लिटर धरलं तर पेट्रोल पुरतं 3 तास 20 मिनिटं. वारा नसेल तर 110 नॉटने, म्हणजे तासाला 110 नॉटिकल मैलांनी, 2 तास 50 मिनिटांत पोचाल. पण पावसाळ्यात पश्चिमेचा वारा तोंडावर असतो, 25 नॉट धरा, मग वेग 85 आणि वेळ 3 तास 40 मिनिटं. बारामतीच्या अलीकडे, राशीन-करमाळ्याच्या आसपासच टाकी कोरडी, आणि यात टॅक्सी (जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणं) न् चढाईचं जादा पेट्रोल धरलेलंच नाही.

रडार पाऊस दाखवतं, डोंगराला टेकलेला ढग दाखवेलच असं नाही. मेटार, म्हणजे विमानतळाचा हवामान रिपोर्ट, तोही नीट वाचा, ढगाची उंची धावपट्टीपासून मोजतात. लोहगावला 1,500 फूट म्हणजे समुद्रसपाटीपासून साधारण 3,400, आणि सिंहगड 4,300 फूट, म्हणजे गड ढगातच.

मागे वळू म्हणता? 1954 साली इलिनॉय विद्यापीठात नुसत्या इन्स्ट्रुमेंटवर, म्हणजे कॉकपिटमधल्या मीटरांकडे बघून, उडवायची सवय नसलेल्या 20 पायलटांना बाहेरचं काही दिसू न देता उडवलं, ताबा सुटायला सरासरी 178 सेकंद लागले. वळायचं ते ढगात शिरायच्या आधी, आणि वळून जायचं कुठे हेही आधीच ठरवायचं. नांदेड, लातूरला उतरता येईल, पण तिथे एव्हगॅस, म्हणजे छोट्या विमानांचं हे पेट्रोल, आहे का हे निघायच्या आधी फोन करून विचारा, नुसतं एटीएफ (जेट विमानांचं इंधन) असेल तर आपल्या इंजिनाला त्याचा काही उपयोग नाही.