टॉवर बांधला की जमीन मोकळी राहते, हे खरं नाही

शहरात जमीन महाग, म्हणून टॉवरला पर्याय नाही. सामाईक हिरव्या अंगणाभोवती रो-हाऊस बांधणं ही श्रीमंतांची चैन, आणि असं अंगण कोणाचंच नसल्यानं शेवटी तिथे कचराच साठतो. हे म्हणणं सध्या जो तो पुढे पाठवतो आहे. मला ते मुळातच चुकीचं वाटतं.

आधी दाटीचं बघू, कारण सगळा युक्तिवाद त्यावरच उभा आहे. १०० मीटर बाय १०० मीटरचा, म्हणजे एक हेक्टरचा भूखंड घ्या. मधोमध ६० बाय ६० ची इमारत बांधली तर ३,६०० चौरस मीटर जमीन व्यापते. आता भूखंडाच्या कडेकडेनं फक्त १० मीटर खोलीच्या घरांची रांग फिरवा. १०० चा चौरस वजा ८० चा चौरस, म्हणजे पुन्हा ३,६०० च! पहिल्या आराखड्यात उरलेली जागा चार बाजूंच्या पट्ट्यांत विखुरते आणि रॅम्प, पार्किंग, अग्निशमन गाडीचा रस्ता यांतच संपते. दुसऱ्यात तीच जागा ८० बाय ८० चं सलग अंगण होते. शिवाय १० मीटर खोल घरात दोन्हीकडून उजेड-वारा येतो. ६० मीटर जाड इमारतीच्या पोटात तो पोचतच नाही. केंब्रिजचे वास्तुरचनाकार लेस्ली मार्टिन आणि लायनल मार्च यांनी १९६० च्या दशकात हेच गणित मांडलं होतं. कडेची रांग तीन मजली केली तर १०,८०० चौरस मीटर बांधकाम होतं. जिने-वाटा धरून घरामागे सव्वाशे चौरस मीटर मोजले तरी ऐंशीच्या वर घरं बसतात. गिरगाव-दादरला पुनर्विकासात जो एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) मागितला जातो, तो यात बसणार नाही, हे मान्य. पण शहराच्या कडेला मोकळ्या जमिनीवर वीस मजले कशासाठी?

‘चैन’ म्हणणाऱ्यांनी नवी मुंबईतल्या बेलापूरची आर्टिस्ट्स व्हिलेज ही वस्ती बघावी. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी ती सिडकोसाठी १९८० च्या दशकात आखली. भूखंड साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरचे, दाटी हेक्टरी सुमारे ५०० माणसं. प्रत्येक घराच्या भिंती स्वतंत्र, म्हणजे पैसे येतील तसं शेजाऱ्याला न विचारता वाढवता येतं. आज तिथल्या किमती गरिबाच्या आवाक्यात नाहीत, हे खरंच. पण अशी वस्ती इतकी दुर्मीळ ठेवल्यावर दुसरं काय होणार? उलट टॉवरमधल्या गरिबाला लिफ्ट, पंप, अग्निशमन यांचा खर्च दरमहा भरावा लागतो, आणि अनेक पुनर्वसन इमारतींत तो झेपत नाही.

आता कचऱ्याचं. अंगण बेवारस होतं ते दोनशे कुटुंबांचं असलं तर. बेलापूरला सात घरांमध्ये आठ बाय आठ मीटरचा एक चौक आहे. अशा तीन चौकांचं मिळून एक मोठं अंगण. सात घरांत कोण झाडतं आणि कोण झाडत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. दारातून थेट चौकात पाय पडतो; तुळस, वाळत घातलेले कपडे, पोरांचं क्रिकेट सगळं तिथेच. कितीतरी मूळ घरं पाडून लोकांनी स्लॅबचे बंगले बांधले, तरी चौकांची मांडणी टिकून आहे.

पोडियमवरच्या बागेशी याची तुलना करू नका. खाली पार्किंगचा स्लॅब आणि वर जेमतेम मातीचा थर, त्यात आंबा किंवा वड वाढत नाही. पाऊसही जमिनीत मुरत नाही, पाइपातून नाल्यात जातो.

खासगीपणा जाईल ही भीती खिडक्या नीट आखल्या तर उरत नाही.

एक आक्षेप मात्र दमदार आहे: गाड्या. बेलापूरमध्येही काही चौकांत त्या घुसल्या आहेत. यासाठी आराखड्यातच गाडीतळ वस्तीच्या तोंडाशी ठेवावा, चौकात शिरणारी वाट चालण्यापुरती अरुंद करावी आणि अँब्युलन्ससाठी काढता येणारा खांब लावावा. नंतर सोसायटीच्या ठरावानं हे साधत नाही.